कोरडं अस्तर

टाळ्या माझ्या वाट्याला पुष्कळ आल्या. त्यांतल्या निदान निम्म्या दुसऱ्यांच्या होत्या, हे उमगायला मला सत्तरी ओलांडावी लागली. त्या दुसऱ्यांपैकी एक बाई अजूनही रोज सकाळी आठच्या ठोक्याला कामावर जाते. तिच्यावर लिहायचं मी वर्षभर टाळलं, कारण लिहायचं तर माझी एक जुनी लबाडीही उघडी करावी लागते. पण ती लबाडी आता तशीही चारचौघांत फुटली आहे. तेव्हा हरकत नाही.

आमच्या नाटक कंपनीचा कपडेपट ती सांभाळायची. बुटकी, रुंद खांद्यांची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. ओठांत कायम चार टाचण्या. त्या तशाच धरून ती बोलायची, हसायची, वेळ पडली तर शिव्याही घालायची, आणि एकही टाचणी कधी खाली पडल्याचं मी पाहिलं नाही. म्हणून आम्ही सगळे तिला टाचणीच म्हणायचो. नटाला कपडे चढवताना ती त्याच्या तोंडाकडे बघत नसे. "तोंड प्रेक्षकांना दाखवा, मला पाठ द्या," म्हणायची. कुणाला कुठे घाम येतो, हे तिला त्या माणसाच्या बायकोपेक्षा जास्त ठाऊक होतं. आमच्या खलनायकाला गुडघ्यांमागे यायचा, आणि नायक प्रेमाच्या प्रवेशात कोरडा ठणठणीत राहून हिशेबाला बसला की भिजायचा. प्रयोग संपला की ती अस्तरं उलटी करायची, हात फिरवायची आणि सांगायची, "आज दुसरा अंक ओढून ताणून झाला वाटतं." बरोबर असायचं.

कंपनी बंद पडली. थिएटरात फर्निचरचं दुकान आलं. जिथे मी तीन वेळा विधवा झाले आणि एकदा राज्याभिषेक करून घेतला, तिथे आता सोफे मांडलेत. मी मानपत्रं घेऊन घरी बसले. टाचणीला बसून भागणार नव्हतं. घरी आजारी आई, आणि पाठचा भाऊ, जो काच कारखान्यात होता, पण त्याच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं. तिनं वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचली: शिवणकाम येणारी व्यक्ती पाहिजे, पुतळ्याला कपडे घालावे लागतील. तिला वाटलं, कापडाचं दुकान असणार.

निघाली प्रयोगशाळा. अभियांत्रिकी कॉलेजच्या मागच्या इमारतीत, तळघरात. जाड दारांच्या दोन खोल्या, एक भाजून काढणारी, एक गोठवणारी. आणि मधे आकड्याला टांगलेला एक राखाडी पुतळा, डोक्यातून वायरी निघालेल्या, पोटातून नळ्या. त्याचं अंग चौतीस तुकड्यांचं, प्रत्येक तुकडा आतून वेगळा तापवता येणारा. कातडीला बारीक भोकं, त्यांतून पाणी पाझरायचं. म्हणजे त्याला घामही यायचा. हे सगळं चालवणारे सर तरुण, काटकुळे, आणि बाराही महिने स्वेटरात.

सरांचं काम काय, हे टाचणीनं मला पहिल्या महिन्यात समजावलं ते असं.

"बाई, माणूस म्हणजे एक घर समजा. मधे चूल. ती कधी विझवायची नाही. भोवती खोल्या. चुलीची ऊब खोल्याखोल्यांत पोचवतं ते रक्त. बाहेर गारठा पडला की रक्त कडेच्या खोल्यांची दारं लावून घेतं, म्हणून बोटं आधी गार पडतात. उकाडा झाला की सगळी दारं सताड उघडी, वर घामाचा शिडकावा. आणि डोक्यात एक खडूस घरमालक बसलाय. सदतीस अंशांच्या फार वर नको, फार खाली नको, दिवसभर तीच कटकट."

"आणि तुझे सर काय करतात?"

"ती कटकट गणितात लिहितात."

तर सरांनी संगणकात एक माणूस तयार केला होता. पुतळा मोजून सांगायचा, की अंगावरचा कपडा किती ऊब अडवतो आणि किती घाम बाहेर जाऊ देतो. ते आकडे संगणकातल्या माणसाला द्यायचे. मग त्याला हुकूम सोडायचा, जा बर्फात, जा वाळवंटात, जा भट्टीपाशी. तो सांगणार, किती मिनिटांत त्याचं अंग धोक्याच्या रेषेला टेकेल. खरा माणूस भाजायला नको, गोठवायला नको.

पुतळ्याला सर एका लांबलचक आकड्यानं ओळखायचे. टाचणीनं आठवड्यात त्याचं बारसं केलं. "दिवसातून दोनदा कपडे बदला, अंग पुसा, पाणी भरा, आणि हा ढिम्म. हा तर जावईबापू." सरांनी आधी नाक मुरडलं. महिन्याभरानं तेच विचारू लागले, "मावशी, जावईबापूंचे मोजे कुठे ठेवलेत?"

पहिल्या वर्षी शीतगृहातल्या बायकांचं काम आलं. बर्फातला माल निवडणाऱ्या बायका. गणित म्हणत होतं, दोन तास बोटांना धोका नाही. बायका तासाभरात बोटं बधिर झाल्याची तक्रार करत होत्या. टाचणी म्हणाली, मला त्यांना काम करताना बघायचंय. गेली, बघितलं, आणि परत येऊन जावईबापूच्या बाह्या चार बोटं वर सारल्या. ओली बाही हाताला लागते म्हणून प्रत्येक बाई ती वर सारत होती. सरांनी गणितात मनगट उघडं टाकलं आणि दोन तासांचा बरोबर एक तास झाला. तेव्हापासून कुठलाही कपडा तपासायला आला की सर आधी विचारायचे, "मावशी, खरा माणूस हा कसा घालतो?"

"बाई," ती मला म्हणाली, "सरांच्या गणितात मी मनगट घातलं." मला कुठल्याही मानपत्राचा इतका अभिमान वाटला नव्हता, जितका त्या एका वाक्याचा वाटला.

मग आलं काच कारखान्याचं काम. तिच्या भावाचाच कारखाना. काचेची भट्टी वर्षानुवर्षं विझवत नाहीत. तिच्या भिंतीतल्या विटा झिजतात, त्या भट्टी पेटलेली असतानाच बदलाव्या लागतात. चंदेरी सूट घालून माणसं भिंतीला भिडतात, लांब चिमट्यानं जुनी वीट काढतात, नवी बसवतात. त्या टोळीत टाचणीचा भाऊ. सूट नवा हवा होता. सरांनी आखला, टाचणीनं शिवला. चंदेरी अंगरखा, टोप, पाठीवर वरपासून खालपर्यंत बकलं, काखेखाली हवेला जाळी. जावईबापूनं तो गरम खोलीत चढवला. मग कॉलेजच्या सहा विद्यार्थ्यांनी तो घालून विटा उचलल्या. पुतळा, विद्यार्थी आणि गणित, तिघांचं एकमत झालं: चाळीस मिनिटं. कारखान्यानं भट्टीच्या दारावर पाटी लावली, चाळीस मिनिटे.

भाऊ पंचविसाव्या मिनिटाला बाहेर आला. डोकं जड, पाय लटपटत. दुसरा अठ्ठाविसाव्याला, तिसरा चोविसाव्याला. विटा अर्ध्याच.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याला मोजमापाची आवड होती. त्यानं त्यांचे आतले बनियन प्रयोगशाळेत वजनाला पाठवले. विद्यार्थ्यांचे बनियन पिळले तर धार लागायची. यांचे नुसते दमट. "चाळीस मिनिटांचं काम," मॅनेजर म्हणाला, "माणूस पंचवीस मिनिटांत बाहेर, आणि बनियनला घाम नाही. आत जाऊन उभे राहतात, दुसरं काय?" टोळीतल्या तिघांना कामचुकारपणाची लेखी समज मिळाली.

पंधरा वर्षं भट्टीपाशी काढलेल्या माणसाला असा कागद! त्यानं तो घडी करून खिशात ठेवला आणि जेवताना बहिणीला म्हणाला, "ताई, तुझ्या त्या संगणकातल्या बाबाला चाळीस जमतात ना? मग मलाही जमतील. सोमवारी माझी पाळी आहे. घड्याळात चाळीस झाल्याशिवाय मी बाहेर येत नाही. आडवा आणलात तरी चालेल."

हे मंगळवारचं. आणि भाऊ बोलल्याप्रमाणे करणारा. लहानपणी पैज लावून बहिणीच्या वाट्याची धरून चौदा उकडलेली अंडी खाल्लेला.

बुधवारी दुपारी टाचणी माझ्याकडे आली. दर बुधवारी येते, पण त्या दिवशी बसली नाही. पिशवीतून प्लॅस्टिकमधे बांधलेला एक बनियन काढून माझ्यापुढे धरला.

"हात लावा."

"ईऽ, कुणाचा गं?"

"भावाचा. लावा म्हणते ना. तुमचे घामाचे कपडे तीस वर्षं मी काढलेत, तेव्हा मी ई म्हटलं का?"

लावला. दमट होता, खांद्यांपाशी थोडा जास्त.

"भट्टीपाशी पंचवीस मिनिटं राहिलेल्या माणसाचा आहे हा," ती म्हणाली. "मॅनेजर म्हणतो, कामच केलं नाही. पण बाई, असं अस्तर माझ्या हाताखालून एकदा गेलंय. दोन दिवस आठवत होते, कुणाचं, कुणाचं. आज सकाळी आठवलं. तुमचं."

कुठल्या दिवसाबद्दल ती बोलतेय, हे मला तत्काळ कळलं.

आता ती लबाडी सांगते. राणीच्या एका नाटकात मला चौदा किलोचा मखमली झगा होता. पाठीला सव्वीस हूक. संडास नेपथ्याच्या गोदामापलीकडे. एकदा झगा चढला की तीन अंक उतरवायचा नाही, म्हणून प्रयोगाच्या दिवशी मी जेवणानंतर पाण्याचा थेंब घेत नसे. आम्ही सगळ्याच जणी असंच करायचो. त्यात काही सांगण्यासारखं आहे असंही कुणाला वाटत नसे. उकाड्याच्या दिवसांतल्या एका प्रयोगाला, दुसऱ्या अंकात, सिंहासनाच्या पायऱ्यांवर माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला आणि मी कोसळले. खरीखुरी. पडदा पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, राणी कोसळली तेव्हा सभागृहाचा श्वास थांबला. आणि मी? मी पुढची तीस वर्षं व्याख्यानांत समजावून सांगितलं, की आधी गुडघा, मग कंबर, मग मान, अशी त्या पडण्याची मी कशी बांधणी केली होती!

खरं काय ते फक्त टाचणीला माहीत होतं. तिनं माझे हूक सोडले होते, आणि पहिलं वाक्य बोलली होती ते, "बाई, तुम्ही तापलाय तव्यासारख्या, आणि अस्तर कोरडं आहे."

"त्या दिवशी तुम्ही काम कमी केलं होतं का?" टाचणीनं आता विचारलं.

"जीव जायची वेळ आली होती."

"मग!" ती म्हणाली आणि पहिल्यांदा खाली बसली. "द्या फोन."

भावाला तिनं कारखान्यात फोन लावला. माझ्यासमोरच, स्पीकरवर.

"धाकट्या, भट्टीच्या पाळीला तू पाणी कधी पितोस?"

"पाळीच्या दिवशी? नाही पीत."

"चहा?"

"आदल्या संध्याकाळी शेवटचा. ताई, सूट चढवायला दोन माणसं लागतात. पाठीची बकलं तूच ठेवलीस ना? संडास आवाराच्या दुसऱ्या टोकाला. चढवला की मग बोलावणं येईस्तोवर बसायचं, पाऊण तास, तास, भट्टीच्या भिंतीला टेकून. मधे लागली तर काय सुटातच करू? सगळेच कोरडे जातात."

"आणि हे सरांना का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं का? छातीत धडधडतं का विचारलं, चक्कर येते का विचारलं. मुतायला कुठे जाता, हे कुठला शिकलेला माणूस विचारतो? आणि काय गं, स्पीकरवर का आहेस? कोण ऐकतंय?"

"बाई ऐकतायत."

"अरे देवा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

टाचणीनं बनियन घडी करून पिशवीत ठेवला. "पाठीची बकलं मी ठेवली," म्हणाली. "पुतळ्याला पाठीमागून घालायला सोपं जातं म्हणून." तिला सांत्वन नको होतं, काम हवं होतं. मग तिनं माझ्याकडे वर बघितलं. इतक्या वर्षांत ती माझ्याकडे काही मागायला आली नव्हती.

"बाई, परवा सर आणि मॅनेजर एकत्र बसतायत. मी शिवणारी बाई. नुसतं अस्तराला हात लावून सांगते म्हटलं तर कोण ऐकेल? मला तुमचं ते पडणं हवंय."

खरं सांगते, क्षणभर माझा जीव कचरला. ते पडणं म्हणजे माझी सगळ्यात नावाजलेली भूमिका. पण समोर जी बाई बसली होती, तिनं ते तीस वर्षं राखलं होतं, कधी चेष्टेतही बाहेर काढलं नव्हतं. म्हटलं, "ने. तसंही ते तुझ्यासमोरच पडलं होतं."

शुक्रवारी प्रयोगशाळेत टेबलाभोवती सर, मॅनेजर, कारखान्याच्या डॉक्टरीणबाई आणि आम्ही दोघी. टाचणीनं ओठांतल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. हे मी आयुष्यात प्रथमच पाहिलं.

"सर, आपल्या विद्यार्थ्यांना आत सोडण्याआधी आपण काय देतो?"

"नियमानं दोन ग्लास पाणी. गार खोलीत अर्धा तास विश्रांती."

"आणि जावईबापूला?"

"त्याची टाकी भरलेलीच असते, मावशी. तुम्हीच भरता."

"मीच भरते. काठोकाठ. पण माझा भाऊ रिकाम्या टाकीनं आत जातो, सर. वर तासभर सुटात बसून, आधीच तापून. तुमचा संगणकातला माणूस भरल्या टाकीनं, गार अंगानं जातो. दोघांना एकच पाटी कशी चालेल? बनियन कोरडा आहे तो काम केलं नाही म्हणून नाही. शिंपडायला आत पाणीच उरलं नव्हतं म्हणून."

मॅनेजर म्हणाला, "हा तुमचा अंदाज झाला."

मग मी उठले. उभं राहून बोलायची सवय, काय करणार! झगा, हूक, पाणी, पायऱ्या, सगळं सांगितलं. तो पडण्याचा अभिनय नव्हता, हेही. मॅनेजर माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

"म्हणजे ते खरं पडणं होतं? माझी आई अजून सांगते, असं कोसळणं रंगभूमीवर पुन्हा झालं नाही म्हणून."

"आईंना सांगू नका. त्यांना तेवढं राहू दे."

तो हसला, पण हटला नाही. "बाई, तुमच्या एका चक्करवर मी भट्टीची पाटी बदलू शकत नाही." आणि त्यात त्याचं चूक नव्हतं.

सर इतका वेळ चष्मा काढून डोळे चोळत होते. ते म्हणाले, "चक्करवर नको. उद्या मोजू. पण ही माणसं माझ्या नियमानं नाही, त्यांच्या रीतीनं येतील. थेट कामावर येतात तशी."

शनिवारी सकाळी भाऊ आणि त्याचे दोन सोबती आले. अंगातलं तापमान कळवणारी एकेक गोळी त्यांना आदल्या संध्याकाळी गिळायला दिली होती. "ही नंतर परत द्यावी लागते का?" भावानं विचारलं, आणि डॉक्टरीणबाईंनी गंभीरपणे नाही म्हटल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यांनी लघवीच्या तपासणीसाठी बाटल्या पुढे केल्या. तिघंही एकमेकांकडे बघायला लागले.

"मॅडम," भाऊ म्हणाला, "कालपासून दुकान बंद आहे."

सूट चढले. त्यांना पाऊण तास हीटरशेजारी बसवलं, भट्टीच्या भिंतीशी बसतात तसं. मग एकेक जण गरम खोलीत, एका फळीवरच्या विटा दुसऱ्या फळीवर. भाऊ पहिला. पडद्यावर दोन रेषा होत्या. निळी रेषा गणिताची, संथ चढणारी. लाल रेषा भावाची. लाल रेषा सुरू झाली तीच वरून. दहाव्या मिनिटाला दोघींमधलं अंतर हाताच्या पंजाएवढं झालं. टाचणी काचेला नाक लावून उभी. मॅनेजर तिच्या मागे.

तेविसाव्या मिनिटाला लाल रेषा साडेअडतीस अंशांच्या, धोक्याच्या खुणेला टेकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बास. सरांनी मायक्रोफोनमधून बाहेर यायला सांगितलं. भावानं वीट ठेवली आणि दुसरी उचलली.

"चाळीस झाले का?"

"नाही. बाहेर या."

"मग नाही. ठणठणीत आहे मी. मोजा पुढे."

पुढची वीट त्यानं दोन हातांनी उचलली, तरी ती हलली. डॉक्टरीणबाई दाराकडे धावल्या. टाचणीनं सरांच्या हातातून मायक्रोफोन घेतला. ती ओरडली नाही. माझ्या कंपनीतल्या कुठल्याही नटीला साधला नसता असा आवाज तिनं लावला, अगदी साधा.

"धाकट्या, तू कमी पडलेला नाहीस. गणित चुकलंय. बाहेर ये."

तो उभा राहिला. टोपाच्या काचेतून त्याला काय दिसत होतं कोण जाणे. मग त्यानं वीट फळीवर नीट, कोपरा जुळवून ठेवली आणि दाराकडे चालू लागला.

दाराबाहेर टाचणीनं बकलं सोडली, त्याला आडवं केलं, डॉक्टरीणबाईंनी ओले टॉवेल टाकले, पाणी पाजलं. मॅनेजर आपण होऊन वाकला आणि भावाच्या बनियनला पाठीपाशी हात लावला. मग हात तसाच धरून उभा राहिला. बनियन दमट होता, आणि त्याखालची पाठ भाजत होती.

बाकी दोघं बावीस आणि सव्वीस मिनिटांना बाहेर आले. सर संगणकापाशी बसले होते. त्यांनी त्यांच्या माणसाचं अंगातलं पाणी कमी केलं, त्याला पाऊण तास गरम भिंतीशी बसवलं, आणि मग भट्टीपाशी सोडलं. नवी रेषा हळूहळू चढत गेली आणि भावाच्या लाल रेषेवर जाऊन अशी बसली, की दोन्ही वेगळ्या ओळखू येईनात.

सर खुर्चीतून उठले. "मावशी," म्हणाले, "चार वर्षं झाली, हा माणूस मी घडवतोय. त्याला थंडी वाजते, उकडतं, तो थकतो. त्याला तहान लागते हे मला तुम्ही सांगितलंत."

टाचणीचं लक्ष नव्हतं. ती सुटाचा पुढचा भाग जमिनीवर पसरून खडूनं रेघ मारत होती.

"पाटीवर किती लिहू?" मॅनेजरनं विचारलं.

"वीस," सर म्हणाले. "पाणी पिऊन, गार खोलीतून थेट आत गेले तर पस्तिसापर्यंत जाता येईल, पण ते मोजून झाल्यावर."

"पुढून उघडणारा सूट सोमवारपर्यंत मी देते," खाली बसूनच टाचणी म्हणाली. "एक माणूस दोन मिनिटांत घालेल आणि काढेल. पण भट्टीच्या दाराशी संडास तुम्ही आणा. तो मला शिवता येत नाही."

"आणि ती लेखी समज?" भाऊ पडल्या पडल्या म्हणाला.

मॅनेजरनं त्याच्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून तो घडी घातलेला कागद मागून घेतला, चार तुकडे केले आणि आपल्या खिशात टाकले. "बाकी दोघांचेही द्या," म्हणाला.

सोमवारी मी कारखान्यात गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण पहिल्या प्रयोगाला बोलावणं लागत नाही. भट्टीच्या दारावरच्या पाटीवर नवा आकडा होता, रंग अजून ओला. आवारात तीनचाकी टेम्पोतून आणलेला एक पत्र्याचा संडास उभा होता आणि त्याच्यावरून टोळीत इतके विनोद चालले होते, की त्यांतला एकही इथे लिहिता येत नाही. पाण्याचे जग मांडलेले. टाचणीनं रविवारी अख्खा दिवस बसून शिवलेले तीन सूट खुंटीला. भावानं त्यांतला एक स्वतःच्या हातानं चढवला, पुढचा पट्टा ओढला, बहिणीकडे बघून टोप खाली केला आणि आत गेला.

मॅनेजर स्वतः घड्याळ घेऊन दाराशी उभा राहिला. सर स्वेटर घालून भट्टीपाशी आले होते, आणि तिथे तरी त्यांनी तो काढला. अठरा झाले. एकोणीस. विसाव्या मिनिटाला मॅनेजरनं घंटा वाजवली, आणि दारातून भाऊ आपल्या पायांनी, सरळ चालत बाहेर आला. टोप काढला. चेहरा लालबुंद, घाम हनुवटीवरून टपटप गळतोय.

"दोन विटा राहिल्या," तो म्हणाला.

"राहू देत," मॅनेजर म्हणाला.

"राहू देत काय? दुसऱ्याला पाठवा. त्या काय पळून जातायत?"

टोळीतले सगळे हसले. मला राहवलं नाही. आयुष्यभर ज्या बाईनं मला टाळ्यांच्या दिशेनं ढकललं होतं आणि स्वतः विंगेत काळोखात उभी राहिली होती, ती तिथे भर उजेडात, शंभर माणसांच्या आवारात उभी होती. मी टाळ्या वाजवायला हात उचलले.

"बाई, ते नंतर," टाचणी ओठांतल्या टाचण्यांमधून म्हणाली. पुढचा गडी तिच्यासमोर उभा होता, सूट अर्धा चढलेला, पट्ट्याचं एक टोक लोंबतंय. ते तिनं माझ्या हातात दिलं. "आधी हे धरा. घट्ट नको. त्याला आत श्वास घ्यायचाय."

मी धरलं.